चखणा तिकडे, ग्लास इकडे

खाणं-पिणं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हुर्राकवर, म्हणजे काजूच्या रसाच्या मोसमी दारूवर, दोन पानं लिहिली तेव्हा वाटलं होतं काजूवाले चार जण पत्र लिहितील आणि विषय संपेल, पण पत्रं आली ती भलतीच. एकाला गुजरातेत बिअर हवीय, एकीच्या नवऱ्याला वर्ध्याच्या लग्नात हवीय, एक जावईबापू बाटली घेऊन बांद्याचा नाका ओलांडायच्या तयारीत आहेत, आणि कोल्हापूरकरांची तक्रार अशी की गोव्यात येऊनही गोव्याचं काही मिळत नाही (हे मला सगळ्यात जास्त लागलं). नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, तेव्हा गावावरच भागवतो.

"भाऊ, मी फोंड्याचा. वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे आणि कंपनी मला तीन आठवडे वडोदऱ्याच्या प्लांटवर पाठवतेय. मी काही बेवडा नाही, पण संध्याकाळी सुटल्यावर एक थंड बिअर आणि तळलेला बांगडा ही पंधरा वर्षांची सवय आहे. ऑफिसातले म्हणतात तिकडे सगळं मिळतं, फक्त माणूस माहीत पाहिजे. बायको म्हणते तीन आठवडे नाही प्यालास तर मरणार नाहीस. खरं काय ते सांगा, आणि बिअर नाही तर नाही, खायला तरी धड मिळेल का की रोज ढोकळा?"

वहिनींचं बरोबर आहे हे आधी लिहून टाकतो, म्हणजे अंक घरात वाचला गेला तरी तुम्हाला त्रास नको.

आता ते "माणूस माहीत पाहिजे" डोक्यातून काढून टाका. मी हे अनुभवानं बोलतोय. खूप वर्षांपूर्वी गुजरातेतल्या एका लॉजवर होतो, उन्हाळा असा की भिंतीला हात लावला तर चटका बसावा, आणि रूमबॉय हळूच म्हणाला साहेब पाहिजे का. मी म्हटलं हो. तासाभरानं तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन आला, पैसे आपल्या तिप्पट, लेबल अर्धं खरवडलेलं, आणि झाकण उघडलं तर फस्स असा आवाजच नाही. बिअरच्या बाटलीचा आवाज आला नाही की माणसानं तिथंच थांबावं. मी दोन मिनिटं तसाच बसलो, मग बेसिनमध्ये ओतून दिली आणि पैशांचं दुःख करत झोपलो. ती नुसतीच शिळी असेल, पण आत काय होतं हे मला कोण सांगणार होतं? गुजरातेत २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, २०२२ च्या जुलैत बोटादच्या बाजूला चाळीसच्या वर गेली, तिथं तर मिथाइल अल्कोहोलच पाजलं होतं लोकांना. ते बिअरच्या बाटलीत नव्हतं हे खरं, पण जिथं दुकान नाही, बिल नाही, तक्रार करायला जागा नाही, तिथं बाटलीवरच्या लेबलाला काय अर्थ राहतो.

सरळ रस्ता आहे आणि तो तुम्हाला मोकळा आहे, कारण तुम्ही गुजरातचे नाही. बाहेरच्या राज्यातून आलेल्या माणसाला तिथं तात्पुरता परवाना मिळतो. गोव्याचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं आणि तुम्ही बाहेरून आलात हे दाखवणारं तिकीट लागतं, म्हणून मडगावहून गाडीत बसलात की तिकिटाचा मेसेज फोनमधून उडवू नका. अर्ज ऑनलाइन होतो, नाहीतर ज्या मोठ्या हॉटेलांत दारूचं अधिकृत दुकान असतं तिथं जाऊन चौकशी करायची. दुकान म्हणजे आपल्यासारखं रस्त्यावर दिवे लावून बसलेलं नव्हे हां, हॉटेलच्या आत कुठल्यातरी कोपऱ्यात, विचारल्याशिवाय सापडायचं नाही. परवाना ठरावीक दिवसांचा, कोटा युनिटात मोजलेला, घ्यायची ती त्याच दुकानातून आणि प्यायची आपल्या खोलीत, आणि परवान्याचा कागद बाटलीजवळच ठेवायचा. प्लांटवरचा कुणी वडोदऱ्याचा मित्र संध्याकाळी येऊन म्हणाला की एक ग्लास मलाही, तर हात जोडा. परवाना तुमच्या नावचा आहे, त्याच्या नाही. तिथल्या रहिवाशाला परवाना हवा तर तो तब्येतीच्या कारणावर, डॉक्टरचे कागद लावून, आणि तुमच्या एका ग्लासापायी तो बिचारा आपल्याच गावात अडकायचा. गोव्याहून बॅगेत दोन कॅन टाकून नेऊ हा विचारही नको, बाहेरून आणणं हा वेगळाच गुन्हा होतो. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत डिसेंबर २०२३ मध्ये सूट दिली असं तुम्ही वाचलं असेल, पण ती दिली तेव्हा तिथं काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना होती, तीही तिथल्याच हॉटेल-क्लबात. वडोदऱ्यात तुम्हाला तिचा काही उपयोग नाही. तरी नशीब समजा कंपनीनं बिहारला नाही पाठवलं, तिथं २०१६ पासून बाहेरच्यांनाही दार बंद आहे.

एवढं सगळं करून जी बिअर मिळेल ती "चांगली" असेल का? नेहमीचीच असेल, बाबा. दोनचार मोठ्या कंपन्यांची, कधी स्ट्राँगच शिल्लक असेल, आणि खोलीतला फ्रिज जितकी थंड करेल तितकीच थंड. तीन आठवड्यांत दोनदा हौस म्हणून घ्या, रोज त्या दुकानाच्या फेऱ्या मारल्यात तर प्लांटपेक्षा तेच काम जास्त होईल.

आणि हे असं का, तर एक गंमत सांगतो. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातनं तो धरून ठेवला, महाराष्ट्रानं परवान्याची खिडकी मोठी मोठी करत नेली, म्हणून तर पुण्या-मुंबईत बारला अजून "परमिट रूम" म्हणतात आणि कागदोपत्री पिणाऱ्याच्या खिशात परवाना लागतो, एका दिवसाचा विलायतीला ५ रुपये आणि देशीला २ रुपये. आपण त्या वेळी पोर्तुगीजांकडे होतो, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, त्यामुळे तो कायदा आपल्यापर्यंत आलाच नाही. आपल्याबरोबर दमण आणि दीवही सुटलं. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं तोपर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच कारभार होता, आणि आजही वापी स्टेशनवर उतरून दहा-बारा किलोमीटर गेलात की दमणला बार उघडे दिसतात, समुद्र दिसतो, ताजे बोंबील तळून मिळतात, आणि गोवेकराला उगाच माहेरी आल्यासारखं वाटतं. रविवारी सुट्टी मिळाली तर जाऊन या, वडोदऱ्याहून लांब आहे पण सकाळची गाडी पकडली तर होतं. प्या, जेवा आणि रिकाम्या हातानं परत या, दमणची बाटली गुजरातच्या हद्दीत आली की तीही चोरटीच.

आता खाण्याकडे येतो, कारण मला खरं त्यावरच लिहायचं होतं. फरसाण, फाफडा, गाठिया, चवाणू, खारी शिंग, तळलेली मिरची... सगळ्या देशाचा चखणा जिथं तळला जातो तिथंच ग्लास नाही! पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे अन्याय वाटायचं. नंतर कळलं की आपण त्याला चखणा म्हणतो ही आपली खोड, त्यांच्यासाठी ते जेवणच आहे आणि त्यांनी ते ताक, चहा नाहीतर सोडा डोळ्यासमोर ठेवून जमवलंय. काठियावाडी ढाब्यावर बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, शेव-टमेटा, लसणाची चटणी आणि वर गार ताक, हे खाताना बिअर आठवली तर मला पत्र लिहा.

वडोदऱ्यात तर तुम्हाला परकं वाटणारच नाही. गायकवाडांचं गाव, मराठी बोलणारी घरं अजून आहेत, आणि तिथला रस्त्यावरचा राजा म्हणजे शेव-उसळ. आपल्या मिसळीची चुलतबहीण समजा, पांढऱ्या वाटाण्याची उसळ, झणझणीत तर्री, वर शेव आणि पातीचा कांदा, बरोबर पाव. संध्याकाळी सुटल्यावर बांगड्याची वेळ झाली की तिकडे वळा. सुरतेला गेलात तर लोचो खा, आणि थंडीत गेलात तर पोंक, म्हणजे आपला हुरडाच, शेव-लिंबाबरोबर. अहमदाबादला माणेकचौकात दिवसा सोनंचांदी आणि रात्री खाण्याच्या गाड्या, तिथं उशिरा जायचं. उत्तरायणाच्या आसपास असाल तर उंधियू.

गार आणि फेसाळ काहीतरी हातात हवंच असेल तर सुरतेचं सोस्यो आहे, १९२३ पासूनचं, स्वदेशीच्या दिवसांत विलायती विम्टोला उत्तर म्हणून निघालेलं, चव थोडी औषधी लागते पण तिसऱ्या घोटाला आवडायला लागते. बिनअल्कोहोलची बिअरही दुकानांत मिळते, मला ती म्हणजे नाटकाची तालीम बघितल्यासारखी वाटते पण काहींचं भागतं. आणि थंडीत सकाळी लवकर नीरा मिळाली तर सोडू नका. आपल्याकडे माडाचा रस काढला की त्याची सूर, म्हणजे माडी, होते, तिकडे शिंदीचा रस ऊन चढायच्या आत गोड असतानाच पिऊन टाकतात. दोन-चार तासांचा फरक, त्यावर एवढे कायदे.

मासे? घरगुती खानावळीत कठीण. गुजरातचा किनारा मोठा, वेरावळसारखं बंदर, पण मासा बराचसा बाहेरच जातो. भरूचला नर्मदेतला हिल्सा पावसाळ्यात येतो, जमलं तर बघा. नाहीतर बांगडा परत आल्यावर.

"माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉलेजच्या ग्रुपबरोबर गोव्याला येतोय. तो म्हणतो तिथं बिअर चालते. खरं का? विचारायलाही कसंतरी होतं. — पुणे"

ताई, खरं आहे. गोव्यात वय १८, तुमच्याकडे बिअरला २१ आणि हार्डला २५. म्हणजे पत्रादेवीच्या हद्दीअलीकडे तो कायद्यानं मोठा आणि पलीकडे लहान, त्याला एवढं समजावून ठेवा की परतीच्या गाडीत पिणं म्हणजे पलीकडचं वय लागू. बाकी दोनच गोष्टी. किनाऱ्यावर वाळूत बसून बाटली उघडायची नाही, २०१९ पासून त्याला दंड आहे आणि तो हजारांत आहे, शॅकमध्ये बसून प्यावं. आणि भाड्याची स्कूटर प्यायल्यावर हात लावायची नाही, पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड होतो, आणि दंड भरायला माणूस शिल्लक राहिला तर. इथं मोटरसायकलचे पायलट मिळतात, पिवळ्या मडगार्डचे, मागं बसायचं आणि सुखरूप हॉटेलवर यायचं.

"आम्ही पाच मित्र दरवर्षी आंबोलीनं खाली उतरतो. बिअर स्वस्त मिळते, पण तीच जी कोल्हापुरात मिळते. थाळीला नाव गोवन आणि चव पंजाबी. एका ठिकाणी तर फिश करीत पनीरसारखी ग्रेव्ही. गोव्यात गोव्याची बिअर आणि गोव्याचं जेवण कुठं असतं ते एकदा स्पष्ट लिहा राव."

लिहितो राव. पण आधी सांगा, तुम्ही उतरता कुठं? कळंगुट-बागा ना? तिथला शॅकवाला तुमच्याकडे बघून मेनू करतो, त्याला वाटतं हे तंदूरीवाले. पांढऱ्या तांबड्यावर वाढलेल्या माणसाला पनीरची ग्रेव्ही दिली हे मात्र अतीच झालं.

बिअरपासून सुरू करतो. किंग्स ही गोव्याची, गुटगुटीत छोट्या बाटलीतली हलकी पिल्सनर, आमच्या पिढीची पहिली बिअर हीच. हलकी म्हणून तिला हसू नका, दुपारी एक वाजता ३४ डिग्रीत तळलेल्या तारल्यांबरोबर स्ट्राँग बिअर प्यालात तर संध्याकाळ झोपेत जाते. "माका दी" तुम्ही बघितली असेल, माका दी म्हणजे मला दे. ती डिचोली तालुक्यात लाटंबार्सेला बनते, म्हणजे तुम्ही दोडामार्गावरून आलात तर तिच्या गावाजवळूनच येता. गोवा ब्रुइंग कंपनी सांगोल्ड्याची, त्यांची "एट फिंगर एडी" आहे, हणजुणेत राहून गेलेल्या एका हिप्पीच्या नावावरून, तिथला फ्ली मार्केट त्यानं सुरू केला असं सांगतात. ही आयपीए, म्हणजे कडवट. माझं मत विचाराल तर कडवट बिअर आणि माशाचं जमत नाही, दोघंही भांडतात, ती चौरिस-पावाबरोबर घ्या. चौरिस म्हणजे डुकराच्या मांसाचं, मिरची आणि व्हिनेगर घालून वाळवलेलं सॉसेज, तेलकट, आंबट, तिखट, त्याला तो कडवटपणा कापतो. मार्च ते मे आलात तर बिअर बाजूला ठेवा आणि हुर्राक प्या, काजूच्या बोंडाच्या रसाची पहिल्या धारेची, वर लिंबाचा सोडा, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. हा माल मोसमातच, नंतर मागू नका.

जेवणाचं म्हणाल तर तुमची चूक वेळेची आहे. तुम्ही लोक दुपारी शॅकवर बिअर पिता आणि रात्री नऊला जेवण शोधता. गोव्याचं जेवण दुपारचं. साडेबारा ते दोन. त्यानंतर जे मिळतं ते पर्यटकांसाठी. किनाऱ्यापासून आत या, गावात देवळाजवळ नाहीतर इगर्जीजवळ (चर्चजवळ) एखादं "बार अँड रेस्टॉरंट" असतं, चार टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर पंचायतीची नाहीतर अबकारी खात्याची माणसं जेवताना दिसली की समजा बरोबर ठिकाणी आलात. मेनूकार्ड मागू नका. विचारा, "आज नुस्तें कितें?" आज मासा काय, एवढंच. या तीन शब्दांनी मालकाची नजर बदलते. मग शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, एखादी भाजी, तिसऱ्या (शिंपले) असतील तर त्यांचं सुकं, आणि रव्यातली नाहीतर रेशाद मसाला भरलेली तळलेली मासळी. एकच सांगतो, सोलकढी आणि बिअर एका वेळी नको. आधी बिअर, मग जेवण, मग सोलकढी.

जून-जुलैत येत असाल तर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, ६१ दिवस, तेव्हा इसवण-पापलेट मागणाऱ्याला बर्फातला मासा मिळतो आणि तो त्याच लायकीचा. त्या दिवसांत खाजनातला (खाऱ्या पाण्याच्या शेतातला) शेवटो मासा, कुर्ल्यो म्हणजे खेकडे, सुकी मासळी, आणि नशीब असेल तर वारुळावरची अळमी, म्हणजे रानातली अळंबी. अळमीचा भाव ऐकून कोल्हापूरला परत जाल, पण एकदा खाऊन बघा.

शहरात थांबणार असाल तर पणजीत सकाळी कॅफे तातोची पातळभाजी आणि पाव, संध्याकाळी फोंतेन्यसच्या बाजूला जोसेफ बार, एवढासा जुना तवेर्न आहे, आत जागा मिळाली नाही तर लोक बाहेर उभे. म्हापशाला शुक्रवारी बाजार, चौरिसांच्या माळा, पोई म्हणजे कोंड्याचा पाव, काजू, सगळं तिथं. रात्री उशिरा भूक लागली की गाड्यावर रोस आमलेट, आमलेटावर शागोतीचा (मसालेदार कोंबडीचा) गरम रस ओतलेला. आणि पोई खाताना एवढं लक्षात ठेवा की ती पूर्वी माडाच्या सुरेवर फुगायची. आता बहुतेक पोदेर (पाववाले) यीस्टच वापरतात, पण सुरेचा आंबटसर वास असलेली पोई कुठं मिळाली तर मला कळवा, मी त्या गावी राहायला जाईन.

"सासऱ्यांची साठी आहे, त्यांना फेणी आवडते. गोव्याहून दोन बाटल्या गाडीच्या डिकीत आणायच्या आहेत. बांद्याला पकडतात का? — पुण्याचा जावई"

जावईबापू, पकडतात. इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्कचा नाका आहे, आंबोलीच्या अंगानं गेलात, दोडामार्गानं गेलात, तपासणी कुठंही होते. तुम्ही म्हणाल दोनच बाटल्या, विकायला थोडीच नेतोय. बाटलीवर बघा, "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असं छापलेलं असतं. तिच्यावर कर भरलाय तो गोव्याला, महाराष्ट्राला एक पैसा नाही, म्हणून ती हद्द ओलांडली की त्यांच्या हिशेबी चोरटी आयात. बाटल्या जातात, गुन्हा लागतो, आणि गाडीही जप्त होऊ शकते. साठीच्या दिवशी सासरे फेणीऐवजी जामीन शोधत बसतील.

विमानानं नेऊ म्हणाल तर विमान कंपनीचं गणित वेगळं. २४ ते ७० टक्क्यांमधली दारू सीलबंद असेल तर चेक-इन बॅगेत माणशी ५ लिटरपर्यंत चालते, फेणी ४२.८ टक्के, म्हणजे त्यात बसते. पण हा नियम विमानाचा, पुण्याला पट्ट्यावरून बॅग उचललीत की महाराष्ट्राचा कायदा सुरू. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मग म्हणतात आम्हाला विमानतळावर कुणी काही बोललं नाही.

फेणी बाहेर सहज मिळत नाही याचंही कारण कायदाच. वर्षानुवर्षं ती "देशी दारू"च्या खान्यात पडून होती, आणि देशी दारू राज्याबाहेर पाठवायची म्हणजे कटकट. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं, तेव्हापासून थोडी मोकळी झालीय. माझं ऐकाल तर सासऱ्यांनाच इकडे आणा. एप्रिलमध्ये, सत्तरी नाहीतर काणकोण तालुक्यात, भट्टी चालू असताना. बोंडं तुडवून रस काढलेला, तो आंबायला ठेवलेला, भांड्याखाली लाकडं, आणि पहिल्या धारेच्या हुर्राकात पुन्हा रस घालून दुसऱ्यांदा उतरवलेली फेणी, तिथंच बसून एक पेग. साठीला याहून काय द्यायचं. डिकीत न्यायचंच असेल तर कोकमाचं आगळ न्या, काजू न्या, आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर न्या, तेही आंबवलेल्या रसाचंच पण त्याला कुठल्याच नाक्यावर कुणी विचारत नाही.

"भाच्याचं लग्न वर्ध्याला आहे. आमच्या ह्यांना आणि दिरांना आदल्या रात्री बसायचं असतं. तिथं सोय होते का? — म्हापसा"

नाही हो बाय. वर्धा जिल्हा दारूबंदीचा, सेवाग्राम तिथं आहे म्हणून, आणि गडचिरोलीही १९९३ पासून. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यामुळे लोकांना वाटतं वर्ध्याचीही उठली, तर नाही. बसायचंच असेल तर नागपूरला एक रात्र थांबा, तिथं सावजीचं मटण खा, मटणाचा तिखटपणा असा की बिअर गार आहे की नाही हे कळतही नाही, आणि सकाळी साधारण पाऊणशे किलोमीटरवर वर्धा. गाडीत काही शिल्लक ठेवू नका म्हणावं दिरांना. वर्ध्याहून येताना गोरसपाक आणा, तुपातला खुसखुशीत, बिस्किट म्हणावं की वडी हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दोन पाकिटं आणा, एक माझं.

"मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की हुर्राक फ्रिजमध्ये ठेवली तर चतुर्थीपर्यंत टिकते. आमच्या तीन पिढ्या भट्टी लावतात. असं कुणी सांगितलं तुम्हाला? — वाळपई"

कुणी नाही हो बाब, मीच ठोकून दिलं. तुमचं पत्र आल्यावर फ्रिजमधली माझी बाटली काढली, मे महिन्यातली, बूच उघडलं, वास घेतला आणि परत बूच लावलं. आता ती परसात माडाच्या मुळाशी ओतायची की वहिनीला पितळ घासायला द्यायची यावर घरात चर्चा चालू आहे. देव बरें करूं.